आईच्या कानाचं मशीन

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे.

आईच्या कानाच्या मशीनसाठी तू पैसे मागितलेस, तेव्हा मी 'पगार लांबलाय' म्हणालो. तू माझ्या साहेबाला चार शिव्या घातल्यास. तो बिचारा निर्दोष आहे. पगार वेळेवर झाला होता, मी तो मित्रांबरोबर पिण्यात उडवला. परवा डायरी चाळली, तर त्या प्रत्येक संध्याकाळी 'बाहेर जेवलो' एवढंच लिहिलेलं. स्वतःच्या वहीतही मला खरं लिहवलं नाही.

याहून लाजेची गोष्ट वेगळीच आहे. पिऊन आलो की मी आईलाच फोन करायचो. तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून माझी जड झालेली जीभ तिला कळायची नाही. ती आपली 'जेवलास का रे?' विचारायची.

सोबत अर्ध्या रकमेचा चेक आहे, उरलेली पुढच्या पगाराला पाठवतो. भावोजींना सांगायचं की नाही, ते तू ठरव. त्यांचा गुडघा कसा आहे?

मशीन बसलं की कळव. मी संध्याकाळीच फोन करीन. आईला माझा आवाज नीट ऐकू दे.

तुझा,
धाकटा