राजाकडची आग

प्रचुअपदादा,

काल फिचित प्रांताच्या कचेरीत मला राजाकडून समाजसेवेचं पदक मिळालं. एवढा मान आपल्या घराण्यात आजवर कुणाच्या नशिबी आला नव्हता.

बेवारस मढ्यांना शवपेट्या देते, अग्नी देते म्हणून तू माझ्या हातचं खाणं सोडलंस. आई गेल्याच्या शंभराव्या दिवशी भिख्खूंसमोर माझ्या नावाला मढी जोडून म्हणालास, "मढ्यांची लमाई! ना नवरा, ना पोर. मेलीस की काडी लावायला कुत्रं येणार नाही." मी चिकटभाताची परात उचलून आत गेले.

आता ऐक. पदक मिळालेल्या माणसाच्या चितेला आग बँकॉकच्या राजवाड्यातून एका पेटीत येते. ती पेटी घरातल्या वडीलधाऱ्याने दोन्ही हातांनी धरून देवळात आणायची, आणि सगळ्यांनी उठून उभं राहायचं. आपल्यात वडीलधारा तूच. तब्येत सांभाळ, माझ्याआधी जाऊ नकोस.

देवळात मढी जाळायच्या भट्ट्या दोन आहेत. त्या पेटवणाऱ्या खामला मी बजावलंय, माझ्या दिवशी शेजारच्या भट्टीत एक बेवारस ठेवायचा.

तो चाचरला. "मावशी, राजाची आग दुसऱ्याला कशी द्यायची?"

"माझ्यासाठी आली म्हणजे माझी झाली. माझ्या दारातून कधी कुणी रिकाम्या हाती गेलंय का?"

"नाही बुवा," म्हणाला आणि हसला.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. मी गेले की तुला बोलावणं सरकारच धाडेल. ये, आणि मला आग लावलीस की त्याच आगीतली काडी त्या बेवारसालाही तूच लाव.

तुझीच,
मढ्यांची लमाई