महादेवरावांना काय हवंय?

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिलं पान फाडून टाका म्हणे! आठवडाभर घासलेलं पान! कथेच्या वर्गातले प्रफुल्ल सर सरळ म्हणाले, "कोकिळाबाई, पहिल्या पानावर नुसती पहाट होतेय. तुमचा माणूस दुसऱ्या पानावर उठतो. तिथूनच सुरू करा." सगळे हसले. मीही हसले, पण वर्ध्याहून सेलूपर्यंत बसमध्ये तोंड पाडूनच बसले होते. हिंगणीला उतरेपर्यंत मात्र पटलं. पहाट कुणाला नवीन आहे?

मग सरांनी विचारलं, "या माणसाला हवंय काय?" म्हटलं, शेतकरी आहे, पाऊसपाणी हवं. "ते सगळ्यांनाच हवं. ह्यालाच काय हवंय? काही हवं नसेल तर तो कथेत नुसता बसून राहील आणि वाचक उठून जाईल."

तो माणूस म्हणजे आमचे हे. महादेवराव. कथेत नाव लक्ष्मणराव ठेवलंय, एवढंच. आणि मला उत्तर देता आलं नाही. लग्नाला तीस वर्षं होत आली!

१० नोव्हेंबर

विचारूनच टाकलं. जेवताना. "अवो, तुम्हाले काय पायजे?"

"भाकर हाय ना ताटात."

"जेवाचं नाई. असं... आयुष्यात."

घास हातातच राहिला. "तब्येत बरी हाय ना तुही?"

करा आता कथा!

१३ नोव्हेंबर

सरांचं म्हणणं — माणूस सांगत नसेल तर त्याच्याकडे बघत राहा. काय करतो ते लिहा, कसा आहे ते लिहू नका. 'प्रेमळ', 'कष्टाळू', 'अबोल' या शब्दांना बंदी. बंदी घातली आणि यांच्याबद्दल लिहायला माझ्याकडे काही उरलंच नाही.

म्हणून बघतेय. चहा बशीत ओतून गार करतात आणि पुन्हा कपात ओतून पितात. पुण्याहून आदेशचा फोन आला की उठून उभे राहतात. बोलणं संपलं, पोराने फोन ठेवला, तरी थोडा वेळ कानालाच धरून असतात. हे मला ठाऊक नव्हतं. मी काय बघत होते इतकी वर्षं?

आज त्यांनी पकडलं. "काय पाह्यतं वं सारखी? काई लागलं काय तोंडाले?"

"नाई जी," म्हणून मी मान खाली घातली आणि लिहायला लागले. ते जरा वेळ दारातच उभे होते. मग गोठ्याकडे गेले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

संवाद पुस्तकी आहेत म्हणे. "तुमचा लक्ष्मणराव जेवताना बातम्या देतोय." मेलं, बरोबर आहे.

१९ नोव्हेंबर

उत्तर आलं!

हरभरा वर आलाय, आता रानडुकरं आणि रोही — नीलगाई — उतरणार. रात्री पीक राखायला, जागलीला, दरवर्षी आमचा गडी जातो — अंकुश. आज हे हात धुता धुता म्हणाले, "तू इचारत होती ना, मले काय पायजे म्हणून? यंदा जागलीले मीच जातो. वावरातच राह्यतो, एकटा. हरभरा निघेपर्यंत."

हरभरा निघेपर्यंत म्हणजे फेब्रुवारी! बोर अभयारण्याचं जंगल बांधाला लागून, त्यात वाघाची भीती. 'काही गरज नाही' हे अगदी ओठावर आलं होतं. पण विचारलं कुणी होतं? मीच ना? जन्मात पहिल्यांदा माणसाने काही मागितलं, आणि मी नाही म्हणू?

"जा ना मग," म्हटलं.

"जाऊ म्हणतं?"

"जा."

ते हात पुसत राहिले. हात कोरडे झाले होते तरी.

२१ नोव्हेंबर

गेले आज. दिवस मावळायच्या आत. वळकटी, बॅटरी, लिंबाचं लोणचं बांधून दिलं. अंगणात मोटारसायकल बराच वेळ पुसत होते. फाटक उघडलं, पुन्हा थांबले. मी ओट्यावर. आवाज द्यावासा वाटला, फार वाटला. पण जागलीला निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत आमच्याकडे. अपशकून. पदर तोंडात धरून उभी राहिले.

गाडी वळली तशी आत येऊन रडले. आणि मग लिहायला बसले — खोटं कशाला सांगू! एका बैठकीत कथा झाली.

२६ नोव्हेंबर

घर खायला उठतं. अंकुश डबा नेतो, रिकामा आणतो. "काय म्हणतात?" "काई नाई काकू. बरे हायेत."

कथा मोठ्याने वाचून पाहिली. जीभ अडखळते तिथे वाक्यात खोट असते, असं सर सांगतात. एकाच ठिकाणी अडखळले — 'त्याला जे हवं होतं, ते तिने दिलं.' पुन्हा वाचलं. तसंच ठेवलं. चांगलं वाक्य आहे ते!

२९ नोव्हेंबर, शनिवार

टाळ्या! वर्गात कथा वाचली आणि टाळ्या! मागच्या बाकावरची वर्षाली डोळे पुसत होती. सर म्हणाले, "शेवट समजावून सांगितला नाहीत, शाब्बास. ती त्याला अडवत नाही, यातच सगळं आलं. आता याला हात लावू नका." एका मासिकाकडे स्वतः पाठवणार आहेत.

बसमध्ये खिडकीशी बसून एकटीच हसत होते. घरी आले तर कुलूप. ज्यांना सांगायचं ते वावरात. इतकी चिडले स्वतःवर, की चहासुद्धा केला नाही.

३० नोव्हेंबर

आज अंकुशला थांबवलं, डबा घेऊन मीच गेले. जेवण होईपर्यंत दम धरला, मग सगळी कथा सांगितली, शेवटासकट. ते ऐकत होते, हरभऱ्याकडे बघत. शेवट ऐकला, मग म्हणाले, "फाटकापाशी किती टाइम उभा राह्यलो मी. वाटलं, आता तरी नका जाऊ म्हणशीन."