मामाचं रक्त, भाच्याचं नाव

माझ्या धाकट्या बहिणीस, तोमासाला,

थोरलीचा आशीर्वाद. तुझा खोकला गेला का, कोंबड्या अंडी घालतात का, आणि कोस्टा रिकाचं पाणी पिऊन तुझी जीभ अजून आपल्या निकाराग्वाचीच आहे ना, ते कळव. मी बरी आहे. या वयात शोभेल त्याहून जरा जास्तच. (मी बोलतेय, नातू दानीलो लिहितोय. मला अक्षरं आणि कोंबडीच्या पायांचे ठसे सारखेच दिसतात, तेव्हा चुका त्याच्या, शहाणपण माझं.)

हंगामाआधी साखर कारखाना ऊस तोडणाऱ्यांचं रक्त तपासतो, हे तुला ठाऊकच. क्रिएटिनिनचा आकडा वाढला की मूत्रपिंडं गेली, आणि ती गेली की हातातला कोयताही गेला. पण आमच्या दानीलोचं दुखणं निराळंच. एवढा दांडगा गडी, दिवसभर ऊस तोडतो, आणि सुई दिसली की धाडकन आडवा! (लिही रे, लिही. खोटं आहे का?) तेव्हा माझा मुलगा फेर्मीन म्हणाला, "आण तुझं ओळखपत्र. मामाचं रक्त बैलाचं आहे, दोघांना पुरेल." ऊस सोडून तो बैलगाडी हाकायला लागला त्याला आता काही वर्षं झाली. मामा-भाचे एकाच साच्यातले. मामा थोडा जास्त भाजलेला, इतकंच. दवाखान्यातल्या बाईनं फोटो पाहिला, तोंड पाहिलं, म्हणाली, "अगं बाई, एका हंगामात किती सुकलास रे पोरा!"

निकाल कारखान्याच्या फाटकावर, भोंग्यातून. (कुणाचं लग्न ठरलं तरी कुणी इतकं ओरडत नाही.) "दानीलो, तीन पॉइंट चार! काम नाही. घरी जा, पाणी पी!" साऱ्या गावानं ऐकलं. होणाऱ्या सासूनं आम्ही दिलेली कोंबडी परत पाठवली (आमची नव्हेच, कुठली तरी म्हातारी). शेजारणी बिनमिठाचं सूप आणून देतात, त्यानं पोराचं पोट सुटलंय. मरायला टेकलेल्या माणसाचे गाल असे वर आलेले कुणी पाहिलेत? पण रक्त मामाचं होतं हे सांगावं, तर कारखाना फसवणुकीची केस करील. म्हणून आम्हीही डोळे पुसतो आणि सूप ठेवून घेतो.

फेर्मीन म्हणतो, यंत्र बिघडलंय. समोरच बसलाय, मान हलवतोय. बिघडलंच असणार. पण भाच्याचं काम आपल्यापायी गेलं हे त्याला खातंय. म्हणून तो तुझ्याकडे ऊस तोडायला येतोय; तुमच्याकडे रक्त बघत नाहीत म्हणे. तुझ्या खानावळीत मुकादम जेवायला येतो ना, त्याला सांगून फेर्मीनला टोळीत घाल. एवढंच मागणं.

तुझी थोरली,
एलोइसा

ता. क. फेर्मीन बैलांना पाणी पाजायला गेला. तोमासा, वर मागितलंय ते मुळीच करू नकोस. यंत्र धडधाकट आहे. संध्याकाळी त्याचे घोटे सुजतात, तो गुपचूप चपलेचे पट्टे सैल करतो. परसात जाऊन ओकतो आणि तोंड पुसून आत येऊन विनोद सांगतो. त्याच्या बापानंही शेवटच्या वर्षी आम्हाला असंच हसवलं होतं. टोळी भरली म्हणून सांग. सावलीत बसवून केळी सोलून घे, शिव्या दे, पण कोयता देऊ नकोस. आणि मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. त्याचा आकडा फाटकावर ओरडून झाला, तोही दुसऱ्याच्या नावानं. निदान आईला तरी त्याचा तो सांगू दे. तोवर मी यंत्राला शिव्या देत बसते.

आणखी एक. तो आला. म्हणाला, "आई, एवढं काय लिहून घेतेस?" म्हटलं, "मावशीच्या गुडघ्याची चौकशी करतेय. चालवत नाही म्हणे बिचारीला." पत्र बसवाल्याच्या हाती आधी पाठवतेय, तेव्हा तो दारात आला की लंगडत ये. नीट लंगड, लहानपणापासून तुला धड खोटं बोलता येत नाही. डॉक्टरकडे एकटीला जाववत नाही म्हण, तो नाही म्हणायचा नाही. तिथे पोचलीस की आधी त्याला आत ढकल आणि तू बाहेरच थांब. तुमच्याकडचे डॉक्टर दार लावून बोलतात म्हणे.