धानाच्या खोलीत रेंज नको

अमरच्या माय,

तुमसरले जाऊन राहिलो, वायफायचा डबा आणायले. अमरने पुण्याहून हुकूम सोडला, "बाबा, चार अँटेनावाला घ्या, धानाच्या खोलीतही व्हिडिओ कॉल लागला पाहिजे." म्हणजे "घर विकून इकडे कधी येता?" हे आता पोत्यांमागे बसूनही ऐकायचं. साऱ्या घरात लपायले तेवढीच जागा उरली होती.

म्हणून दुकानदाराले मी आपलं घर दोनच खोल्यांचं सांगणार आहे. तो लहानातला डबा देईल. अमरने विचारलं तर तू म्हणजो, मातीच्या जाड भिंतीनं रेंज अडवली.

काल त्याचा फोन ठेवून तू त्याच पोत्यांमागे डोळे पुसून राहिली होतीस, मी पाहिलं. माझी खुर्ची आत आहेच. तुझीही नेऊन ठेव.

— सुखराम