जुन्या धक्क्यावरचा बुधवार

रविवार, १७ नोव्हेंबर
दुपारचे तीन

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. वहिनीला नमस्कार, दोन्ही पिल्लांना गोड पापा. तुम्ही सगळे बरे असाल. आम्ही दोघी बऱ्या आहोत.

पत्रास कारण की, माझ्या आधीच्या पत्रात चूक आहे. डॉक्टरांना दाखवायला म्हणून तू जे पत्र माझ्याकडून मागून घेतलंस, त्या २४ ऑक्टोबरच्या पत्रात मी लिहिलं होतं की आत्या तलावाच्या जुन्या धक्क्यावर 'अंधार पडायच्या सुमारास' सापडली. तेव्हा पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. चांगलं लख्ख ऊन होतं. आत्याने डोक्यावर वर्तमानपत्र धरलं होतं, ते उन्हासाठीच.

हे फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर माझं वाक्य तू पुरं करतोस आणि ते दर वेळी तुझ्याच बाजूने पुरं होतं.

इकडची खबर: आत्याच्या गुडघ्याची सूज आता बरीच उतरली आहे. दुकानात गिऱ्हाईक वाढलंय, परवा एक आजोबा नवा चष्मा लावून आरशात बघत म्हणाले, "जुनाच द्या बाई, त्यात मी बरा दिसत होतो." मालक हसले नाहीत, मी हसले. आत्याला सांगितलं तेव्हा तीही हसली. गेल्या तीन आठवड्यांत ती हसली त्याला ही एवढीच गोष्ट कारण झाली, म्हणून लिहिते.

आता तुझ्या यादीबद्दल.

तू आणि वहिनीने डॉक्टरांना दिलेली आत्याच्या विसरण्याच्या 'लक्षणांची' यादी मी पुन्हा वाचली. खाली माझीही सही आहे, 'सोबत राहणारी नातलग' म्हणून. सही करताना वाचली नव्हती असं म्हणायची सोय नाही, कारण मी सगळंच दोनदा वाचते हे तुला ठाऊक आहे. तेव्हा वाचली आणि गिळली. आज ती गळ्याशी आली आहे.

'एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्याचा हट्ट.' दादा, आम्ही वनस्पतीबागेत लागोपाठ चार बुधवार गेलो, कारण तिथल्या माळ्याने आत्याला सांगितलं होतं की मागच्या कोपऱ्यातल्या घायपाताला दांडा फुटलाय. घायपात आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो. पहिल्या बुधवारी दांडा आत्याच्या खांद्याला लागत होता, चौथ्या बुधवारी ती मान वर करून बघत होती. जगात एकदाच होणारी गोष्ट बघायला माणूस चारदा गेलं, तर तो हट्ट?

'हॉटेलातले पदार्थ रुमालात बांधून आणते.' हो, आणते. हॉटेलातल्या वाढप्यानेच तिला सांगितलं की तबकात उरलेलं ते टाकून देतात. हॉटेलच्या बुधवारानंतर गुरुवारी दुकानात डबा उघडला की पोळीच्या शेजारी लिंबाच्या केकचा तुकडा असतो. तो माझ्यासाठी असतो, दादा. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि माझ्या डब्यात अजून कोणीतरी खाऊ ठेवतं. याला तुम्ही लक्षण म्हणता.

'अनोळखी लोकांशी बोलत बसते.' मग कोणाशी बोलायचं? बाबांच्या पुलांच्या कामामागे आपण गावोगाव फिरलो. आई गेल्यावर ती आपल्याबरोबर फिरली. दर दीड वर्षाला नवं घर, नवी चूल. ओळख होईपर्यंत सामान बांधायची वेळ यायची. तिच्या ओळखीचे आपण तिघंच होतो. बाबा गेले, तू लांब गेलास, उरले मी, आणि मी दिवसभर दुकानात.

'वार सांगता आला नाही.' हे मात्र मी कधीही विसरणार नाही, कारण मी त्या खोलीत होते. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" आत्या म्हणाली, "बुधवार नाही, एवढं नक्की. असता तर मी इथे नसते." तू हसलास, डॉक्टर हसले, आणि डॉक्टरांनी हसत हसतच लिहिलं की वार सांगता आला नाही. मी समोरच्या खुर्चीत बसून हातातल्या पिशवीचा बंद पिळत राहिले.

आणि ते चहाचं. वहिनी चार दिवस राहायला आली होती तेव्हाचं बोलणं तुझ्या कानावर वहिनीच्या बाजूने आलं असेल, म्हणून जसं झालं तसं लिहिते. वहिनी म्हणाली, "आत्या, या वयात कशाला हे थाट? दोन-दोन तास हॉटेलात बसायचं! घरी काय चहा मिळत नाही?"

"मिळतो ना," आत्या म्हणाली. "मीच करते तो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पंचवीस वर्षं या घरातला चहा मी केला गं. सगळ्यांना देऊन माझ्याकडे वळेपर्यंत माझा निवलेला असायचा. तिथे पांढरे हातमोजे घातलेला माणूस माझ्यासाठी किटली घेऊन येतो. मी बसून असते. तो विचारतो, 'आणखी गरम पाणी आणू का?' मला हा प्रश्न जन्मात कोणी विचारला नव्हता."

रात्री वहिनीने तुला फोन केला, आणि यादीत आणखी एक ओळ वाढली: 'घरच्या माणसांबद्दल कडवट बोलते.'

पहिल्यांदा तिला मीच नेलं होतं. दुकानाच्या मालकांनी सगळ्यांना वर्षअखेरीची भेट म्हणून नदीकाठच्या हॉटेलातल्या दुपारच्या चहाची चिठ्ठी दिली होती, दोघांसाठी. ती काचेची खोली, ते तीन मजली तबक: खाली काकडीची सँडविचं, मधे लोण्याबरोबरचे मऊ पाव, वर एवढे एवढे केक. आत्याने हातमोजेवाल्याला विचारलं, "खालून खायचं की वरून?" तो वाकून म्हणाला, "रीत खालून वर जायची आहे बाई. पण इथे रीत बघायला कोणी येत नाही." तिने वरून सुरुवात केली. तेव्हापासून माझ्या सुट्टीचा दर बुधवार बाहेरचा. बाग, तलाव, टेकडीवरचं संग्रहालय, आणि महिन्यातून एकदा ती काचेची खोली.

इतकं लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आले. तू म्हणशील, बाकी सगळं खरं असेल, पण ती हरवली होती ना? हरवण्याचं काय?

आपली शाळा म्हणजे आत्याचं स्वयंपाकघरातलं टेबल होतं. माझी दहा वर्षांची होईपर्यंत, तुझी त्याच्याही पुढे. तिथला नियम तुला आठवतोच. खोडरबर वापरायचं नाही. चुकीवर एकच सरळ रेघ, अशी की खालची चूक वाचता आली पाहिजे. बाजूला समासात बरोबर काय ते, आणि त्याखाली तारीख. तू एकदा नकाशात नदी डोंगरावर चढवली होतीस आणि पान फाडून चुलीमागे लपवलं होतंस. आत्याने ते शोधून काढून तुलाच परत चिकटवायला लावलं. मी आठवडाभर 'ही नदी तरी खाली वाहते ना?' असं विचारून तुला चिडवलं. त्यावरच तू माझं नाव शंकेखोर ठेवलंस.

तर दादा, मी पान लपवलं आहे.

आत्या हरवली नव्हती.

त्या बुधवारी साडेतीनला आम्ही जुन्या धक्क्यावर होतो. लाँचमध्ये तिला गरगरतं, म्हणून मी म्हटलं, "मी एकटी पलीकडे जाऊन येते. तू इथे घड्याळाखाली बस. चार वाजता इथेच." ती बसली. परतीच्या लाँच जुन्या धक्क्याला लागत नाहीत, वळणापलीकडच्या नव्या धक्क्याला लागतात. तसं तिकीटखिडकीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं आहे. लोकांना दिवसभर भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारी मी, ते वाचलं नाही. दोन्ही धक्क्यांना हिरवे पत्रे, दोन्हीकडे घड्याळ. उतरले, घड्याळाखाली आत्या नाही. तुला फोन केला. तू ओरडलास, "मी सांगत होतो!" मग रखवालदाराला घेऊन शोधत वळणाच्या पलीकडे आले, तर जुन्या धक्क्यावर आत्या. ताठ बसलेली, पिशवी मांडीवर, जिथे सांगितलं होतं तिथेच. तिच्या डोक्यावरची 'परतीच्या लाँच नव्या धक्क्याला' ही पाटी मला तेव्हा दिसली.

फोन माझ्या हातात चालूच होता, तुझा आवाज मोठ्याने येत होता. "सापडली? कुठे गेली होती ही?" आत्याने पाटीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. आणि फोनकडे वाकून म्हणाली, "मीच चुकले रे बाबा. वय झालं."

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तू पत्र मागितलंस, आणि मी तिचं ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

अजून एक आहे. लिहायचं नव्हतं, पण अर्धी दुरुस्ती ही दुसरी चूकच, हेही त्याच टेबलावर शिकलो. चारच्या आत परत येणारी लाँच मी सोडली. नंतरचीही सोडली. पलीकडच्या बाकावर नुसती बसले होते. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा मला कोणी हाक मारत नव्हतं. पावणेपाचला परत आले. म्हणजे तिने माझी वाट पाहिली जवळजवळ दोन तास, आणि त्यातला एक तास मी तिच्याकडून सुखाने चोरला होता. म्हणूनच, तू फोनवर म्हणालास, "तिला वृद्धाश्रमात ठेवलं की तूही सुटशील," तेव्हा मी नाही म्हटलं नाही. ते 'नाही' मी गिळलं आणि त्यानंतर सगळंच गिळत गेले.

वहिनी जाताना आत्याची किल्ली माझ्या हातात देऊन गेली. तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला मी आत्याला बाहेरून कुलूप लावून दुकानात जात होते. तीन आठवडे. आतून ती म्हणायची, "सावकाश जा गं." मी जिना उतरताना पायऱ्या मोजायचे, म्हणजे दुसरं काही ऐकू येऊ नये.

तुझ्यावर मी रागावले आहे. चांगलीच. तू तिला विचारलं नाहीस, मलाही विचारलं नाहीस, शनिवारी, २३ तारखेला, गाडी घेऊन येतो आणि वृद्धाश्रमात पोचवतो एवढंच कळवलंस. जिने तुला बेरीज शिकवली तिची तू बेरीज केलीस, आणि उत्तर आधी लिहून मग आकडे मांडलेस. पण त्यातला सगळ्यात मोठा आकडा मी पुरवला होता. म्हणून आधी माझी रेघ.

काल आत्याला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. हात थांबला नाही.

"मला माहीत आहे," म्हणाली. "पाटी मलाही वाचता येते."

"मग खोटं का बोललीस?"

"तुझं तोंड पांढरं पडलं होतं. आणि तुझा भाऊ फोनमधून भुंकत होता."

"आत्या, मला वाटलं तू..."

"थांब." आता ती खरंच रागावली होती. दादा, मी तिला इतकी रागावलेली कधी पाहिली नाही. "मी एका संध्याकाळपुरतं खोटं बोलले, बाळ. तू त्याचं महिनाभराचं केलंस. आणि तुम्ही दोघांनी मिळून त्याचं माझं उरलेलं आयुष्य करायला घेतलंय. मी चिडत नाही म्हणजे मला कळत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी रडायला लागले. तिने शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "सोल. रडता रडता सोलता येतं." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तुला एकटीला लाँचमध्ये बसायचं असेल तर बसत जा की. तोंडाने सांगायचं. मी पुस्तक घेऊन येईन."

एवढं सोपं होतं, दादा.

किल्ली मी तिला परत दिली आहे. आज सकाळी ती एकटी खाली जाऊन वर्तमानपत्र घेऊन आली. मी खिडकीतून बघत होते, तिला ते माहीत होतं, तिने मुद्दाम वर बघितलं नाही.

आता मी काय करणार ते. बुधवारी डॉक्टरांकडे सव्वाअकराची वेळ घेतली आहे. आत्या बरोबर असेल. माझं जुनं पत्र मी त्यांच्यासमोर वाचेन, चुकीच्या प्रत्येक ओळीवर रेघ मारेन, समासात खरं लिहीन आणि तुमच्या यादीखालची माझी सही त्याच रेघेने रद्द करेन. डॉक्टर हसले तर हसोत. तिथून आम्ही काचेच्या खोलीत जाऊ. साडेतीनचं टेबल सांगितलं आहे, तिघांसाठी. हातमोजेवाल्याने विचारलं, "तिसरं कोण?" मी म्हटलं, "नक्की नाही." शनिवारी गाडी आणू नकोस, दार आतून लावलेलं असेल आणि उघडायचं की नाही ते किल्ली जिच्याकडे आहे ती ठरवेल. यायचंच असेल तर बुधवारीच ये. पहाटेची गाडी पकडलीस तर पोचशील. खालून खायचं की वरून, ते आत्या सांगेल.

दुरुस्तीखाली तारीख लागते. मी आजची घालत नाही, कारण नुसती लिहून दुरुस्ती होत नाही. ज्या दिवशी होईल ती घालते.

तुझी, पण त्याआधी आत्याच्या टेबलावरची,
शंकेखोर

बुधवार, २० नोव्हेंबर