चौथी ओळ

अल बर्शा, दुबई
२ जून २०२५

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

‘ती. सौ.’ लिहायची हाताला सवय आहे. लिहून गेलो आणि तो कागद फाडला. हा दुसरा.

फोनवर आपण दोघंही नुसतं हं हं करतो आणि शेवटी तुम्ही ‘जेवलास का?’ विचारून फोन ठेवता. त्यापेक्षा हातानं लिहून फोटो पाठवायची तुमची युक्ती बरी. तुमचं मागचं पत्र इराला दाखवलं. काकूचा हा फाँट कुठं मिळतो, असं तिनं इंग्रजीत विचारलं. तुमचं अक्षर आहे म्हटल्यावर तिला खरं वाटेना.

दादाच्या वर्षश्राद्धाला तुम्ही मालदीवला, तो गेला त्याच बेटावर जाणार, हे वाचलं. बाबाजी तिथं आहेत म्हणून मला काळजी कमी. दादाबरोबर सहा वर्षं त्याच रिसॉर्टच्या बोटींची इंजिनं त्यांनी दुरुस्त केली, ते तुम्हाला परकं वाटू देणार नाहीत. मी रजा मागितली होती. मिळाली नाही. वादळांचे दिवस आहेत, माणसं कमी आहेत, पुढच्या महिन्यात बघू इन्शाल्ला, असं साहेब म्हणाले. तिथी पुढच्या महिन्यात नेता येत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

चौदा तारखेला समुद्र कसा असेल, असं तुम्ही विचारलंत. आज सांगता येणार नाही. आठवडाभर आधी अंदाज येतो.

ऑफिसात माझं डोकं फिरलेलं आहे. आम्ही त्या बेटांसाठी रोज हवामानाचा एक कागद काढतो. नऊ ओळी असतात. पहिल्या ओळीत वारा, पाऊस आणि त्यावरून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. लाटांवर फळी घेऊन खेळणारे पाहुणे तिसरी ओळ बघतात. दूरच्या वादळातून येणारी लाट चौथ्या ओळीत. वर्षभर मी म्हणतो आहे की ती लाट पहिल्या ओळीत घ्या, तिच्यावरूनही रंग ठरवा. साहेब म्हणतात, कागदाचा नमुना गिऱ्हाइकांनी मंजूर केलेला आहे, आणि ऊन पडलेलं असताना लाल रंग दिसला तर पाहुणे खोल्या रद्द करतात. चौथ्यांदा विचारलं तेव्हा हसून खलास म्हणाले.

तब्येत सांभाळा. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.
आपला,
सुजीत


देवगड
५ जून २०२५

चि. सुजीत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे हवामानाचा अहवालच. घरचं काही नाही. बायको कशी आहे, इरा मराठी बोलते की नाही, तू भात खातोस की अजून डबाबंद काहीतरी, यातलं एक अक्षर नाही. सातवीत होतास तेव्हा मी या घरात आले. तेव्हाही तू असाच होतास. ताप आला तरी अंग गरम आहे एवढंच सांगायचास.

भटजी कुरकुरले. बाईमाणसानं परदेशात जाऊन तर्पण करायचं म्हणजे काय, म्हणाले. मी त्यांना म्हटलं, मुलगा नाही, दिराला रजा नाही, मग समुद्रानं स्वतःच करावं का? त्यावर त्यांनी मंत्र मोठ्या अक्षरात लिहून दिले. शाळेतून चार दिवसांची रजा काढली आहे. चौदाला दुपारी, त्याच धक्क्यावर उभी राहून पाणी सोडणार आहे. दुसरीकडे नाही.

आता तुला एक विचारते. रिसॉर्टनं पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं की समुद्र अनपेक्षितपणे उसळला, बोट धक्क्यावर आपटली आणि हे मध्ये सापडले. अनपेक्षित हा शब्द मी वर्षभर वाचते आहे. आकाश निरभ्र होतं, वारा नव्हता, हेही त्यात होतं. तू त्याच बेटांचा अंदाज काढतोस. तो समुद्र खरंच कुणाला माहीत नव्हता का? दिवसकार्याला तू आलास तेव्हा तेरा दिवस माझ्याकडे बघितलं नाहीस. मी विचारलं नाही, कारण तू उत्तर दिलं नसतंस. लिहून दे.

सगळ्यांना आशीर्वाद. पत्राची वाट बघते.
तुझी,
प्रमिलावहिनी


अल बर्शा, दुबई
१० जून २०२५

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तो समुद्र माहीत होता. मला माहीत होता. त्या दिवशीचा कागद मीच काढला होता.

पहिली ओळ हिरवी होती, वारा कमी, पाऊस नाही. चौथ्या ओळीत मी लिहिलं होतं की दक्षिणेकडून लांब अंतराची लाट दुपारी पोहोचेल, उघड्या धक्क्यांवर पाणी चढेल. शब्द बरोबर होते. वेळही बरोबर होती, वीस मिनिटांचा फरक. चौकशीत आमच्या कंपनीनं तो कागद दाखवला आणि विषय संपला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या अपघातात गेला तो माझा भाऊ होता हे त्यांना अजून माहीत नाही. आडनावावरूनही कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढचं लिहायला पाच दिवस लागले. दादा त्या बेटावर नवा होता तेव्हा त्यानं मला फोन केला होता. तुझा कागद इथं फळ्यावर लागतो, म्हणून खूश होता. मग म्हणाला, नऊ ओळी आणि तेही इंग्रजी, आम्ही इंजिनं उघडायची की शाळा भरवायची? मी त्याला म्हटलं, तू पहिली ओळ बघ, बाकीच्या आमचा पगार निघावा म्हणून असतात. तो खूप हसला. मीही हसलो. पुढं सहा वर्षं मी ते दुरुस्त केलं नाही.

आता काम. काल दक्षिणेला फार खाली मोठं वादळ तयार झालं आहे. ते बेटांकडे येणार नाही, त्याची लाट येणार आहे. शनिवारी, चौदाला, दुपारी बारा ते दोन. आकाश स्वच्छ असेल. त्या धक्क्यावर उभ्या राहू नका. सरोवराच्या बाजूला वाळूवर करा.

साहेबांना सगळं दाखवलं. रंग हिरवाच राहील म्हणाले, चौथ्या ओळीत हवं तेवढं लिही. संध्याकाळी मेट्रोनं जुन्या दुबईत, देऱ्याला गेलो. खाडीवर लाकडी गलबतांचा माल चढवतात तिथं बाणकोटचे अलीमियाँ आहेत, चाळीस वर्षं तेच काम करतात. त्यांना कागद दिला. त्यांनी चष्मा लावून नऊच्या नऊ ओळी वाचल्या आणि म्हणाले, बाबा, हे सगळं ठीक, पण गलबत सोडू की नको, ते यात कुठं लिहिलंय?

शनिवारचा सकाळचा कागद काढायची पाळी माझी आहे. साहेब सुट्टीवर असतात. काय करायचं ते मी ठरवलं आहे.

रागवायचं असेल तर रागवा. तो हक्क तुमचा आहे.
सुजीत


मालदीव
१५ जून २०२५

चि. सुजीत यास,
आशीर्वाद.

काल सकाळी सात वाजता फळ्यावर तुझा कागद लागला. वरची ओळ लाल. धक्का बंद ठेवा, बोटी आत घ्या, दुपारी बारा ते दोन. एवढंच. बाबाजींनी वाचलं आणि कुणाला न विचारता बोटी सरोवरात आणल्या. नाश्त्याला पाहुण्यांचा नुसता आरडाओरडा. इतकं छान ऊन आणि बोट नाही म्हणजे काय, म्हणून एक बाई रडायलाच आली. इथल्या मॅनेजरनं तीनदा दुबईला फोन लावला. हा कागद काढणारा गाढव कोण आहे, असं तो बाबाजींना विचारत होता. बाबाजी म्हणाले, माझ्या दोस्ताचा भाऊ आहे.

साडेबारा वाजले तरी काही नाही. समुद्र तेल ओतल्यासारखा. मला तुझी लाज वाटायला लागली, खरं सांगते. मी वाळूवर पाटावर बसले, तांब्यात पाणी घेतलं, पहिला मंत्र म्हटला. तेवढ्यात मागून आवाज आला. भिंत पडल्यासारखा. पाणी धक्क्यावरून गुडघाभर गेलं आणि खुर्च्या, मासे ठेवायचे खोके घेऊन परत आलं. मग दुसरं, मग तिसरं. मी जिथं उभी राहणार होते तिथला कठडा वाकला आहे. आकाशात एक ढग नव्हता. मॅनेजरनं आभाराचा फोन केला असेल असं मला वाटत नाही.

तर्पण पुरं केलं.

पहिल्या ओळीचं बाबाजींनी मला गेल्या वर्षीच सांगितलं होतं. हे रोज चहाला सगळ्यांना सांगायचे, माझा भाऊ म्हणाला आहे, पहिली ओळ बघायची. मला फक्त बघायचं होतं की तू स्वतः लिहितोस का. वर्ष लावलंस.

तुझी चूक नाही असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल आणि तुलाही पटणार नाही. पण दार बंद केलेलं नाही. नारळी पौर्णिमेला इराला घेऊन ये.

मी मंगळवारी निघते. तोवर इथं मास्तरकी चालू आहे. बोटीवरच्या सहा जणांना रोज सकाळी फळ्यासमोर उभं करून नऊ ओळी मोठ्यानं वाचायला लावते. कंटाळतात. मी देवगडच्या तिसरीला सरळ करते, यांचं काय!

तुझी,
प्रमिलावहिनी


अल बर्शा, दुबई
१७ जून २०२५

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इरानं वाचून दाखवायला लावलं. मी पुरं वाचू शकलो नाही, तिची आई पुढं वाचत गेली.

मला लेखी ताकीद मिळाली आहे. अंदाज बरोबर आला, हे साहेबांनी मान्य केलं. तरी नमुना न विचारता बदलला, आणि त्यासाठी ही ताकीद. शनिवारची पाळी आता माझ्याकडे नाही. दादाबद्दल मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले की नमुन्याचं पुढच्या तिमाहीत बघू.

पौर्णिमेच्या रजेचा अर्ज आज दिला. यावेळी मंजुरीची वाट न बघता तिकीट काढलं आहे.

उद्याच्या कागदात वरची ओळ पुन्हा जुनीच असेल. लाट पुन्हा चौथ्या ओळीत. निघण्यापूर्वी बाबाजींना सांगा, वाचणं थांबवू नका.

आपला,
सुजीत