चिंध्यांची टोपली

केनवडच्या सडकेवरील सायकल दुकान,
पोळ्याच्या आधीचा सोमवार, १९७६

श्रीयुत ग्यानबाजी, मुक्काम अकोला, आणि विहीणबाई गंगूबाई यांना पुंजाजीचा मनापासून जयभीम.

आपणा उभयतांची प्रकृती ठणठणीत असेल अशी आशा करतो. तुमच्या गुडघ्याला मी सांगितलेले तेल तुम्ही लावत असालच. (लावत नसाल तर लावा. आणि बाटली रिकामी झाली की ती कोणत्या टोपलीत टाकायची हे मला विचारू नका.) आमची वच्छला, म्हणजे आता तुमची सून, जेवते-खाते ना? सातवा महिना आहे, तिला हापशावरून पाणी आणायला लावू नका. जावईबापूंना आशीर्वाद. ती पुढच्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला इकडे येणार म्हणून आम्ही वाट बघत आहोत. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

माझे डोके फिरले आहे, ग्यानबाजी. सध्या शिस्तीचे दिवस आहेत, मोठ्याने बोलायची सोय नाही, म्हणून लिहितो. आमच्या गावात वैशाखापासून एक नियम लागला आहे. प्रत्येक घराने दाराशी चार टोपल्या ठेवायच्या. एकीत कागद, दुसरीत काच, तिसरीत लोखंड-पत्रा, चौथीत चिंध्या. ज्याचे दुकान असेल त्याने धंद्याच्या आणखी चार ठेवायच्या, आणि घरचा माल धंद्याच्या मालात मिसळायचा नाही. बाजाराच्या दिवशी सगळे चावडीपुढे आणून द्यायचे. तिथून जवळच्या मालेगावचे भंगारवाले गुलाम नबी गाडी भरून नेणार आणि त्या पैशातून सडकेला दिवे लागणार. ज्याची टोपली रिकामी त्याला दंड. (दिवे अजून लागले नाहीत. दंड लागला.)

आता तुम्ही शहरात राहता, तुम्हाला वाटेल यात वाईट काय? अहो, पण खेड्यात फेकायला असते काय? डालड्याचा डबा रिकामा झाला की त्याने ज्वारी मोजतात. त्याचे बूड गेले की त्यात मिरचीचे रोप लावतात. बाटलीच्या बुचाला भोक पाडून वात घातली की रॉकेलचा दिवा झाला. वर्तमानपत्र गावात एक येते, ते आधी सगळी चावडी वाचते, मग कोणी फळीवर अंथरते, मग त्यात फुटाणे बांधले जातात आणि शेवटी ते चुलीत जाते. आणि हा नवा ग्रामसेवक, कालचे पोर, दारोदार फिरून विचारतो की कागदाची टोपली रिकामी काहून? आमच्या गल्लीतल्या रुपाबाई म्हातारीने दंडाच्या धाकाने चांगली धडधाकट बरणी दगडावर आपटली आणि काचेच्या टोपलीत भरली. संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन रडत होती की आता लोणचे कशात घालू. त्या पोराने तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या घरी गेला.

तुम्ही म्हणाल, पुंजाजी, तू एवढा चिडतोस तर सभेत का बोलला नाहीस? बोललो, ग्यानबाजी. सभेत पहिला प्रश्न निघाला तो हे सगळे उचलून चावडीपर्यंत नेणार कोण हा. आणि कोणी काही न बोलता सगळ्यांच्या माना आमच्या वस्तीकडे वळल्या. अगदी सहज वळल्या, याचाच मला जास्त संताप आला. मी उभा राहिलो. म्हटले, “ज्याचा कचरा त्यानं उचलावा. आमी छप्पन साली सोडलं ते सोडलं. टोपलीचं नाव बदलून पुन्हा आमच्या डोक्यावर देऊ नका.” सरपंच गोड हसले, माझे म्हणणे मान्य केले, आणि मला टोपल्यांच्या समितीचा सभासद करून टाकले. छातीला लावायला पत्र्याचा बिल्ला दिला. (ज्याचे तोंड बंद करायचे त्याला सभासद करतात, हे मला आता कळते आहे.) मी तो बिल्ला लावला. का लावू नये? आमच्या वस्तीतल्या माणसाच्या छातीवर पंचायतीचा बिल्ला गावाने बघायलाच पाहिजे होता. वच्छलाची आई भागिरथा तेवढी म्हणाली की अंगरख्याला भोक पडलं.

तर मागच्या पंधरवड्यात मोठे साहेब पाहणीला येणार अशी गुलाबसिंग चपराशाने दवंडी दिली. आधी सभासदांची घरे बघणार. माझ्या घरच्या तीन टोपल्या मी कशाबशा भरल्या होत्या. चौथी, चिंध्यांची, कोरडी ठणठणीत. दुकानाची चौथी मात्र ओसंडून वाहत होती, कारण सायकली पुसून पुसून तेलकट चिंध्या आमच्याकडे रोजच निघतात. मी त्यातल्या ओंजळभर उचलून घरच्या टोपलीत टाकल्या. साहेबांच्या आधीच येऊन थांबलेल्या त्या ग्रामसेवक पोराने चुलीतला चिमटा मागून घेतला आणि एकेक चिंधी चिमट्याने बाहेर काढली. म्हणाला, ह्या धंद्याच्या आहेत. मी म्हटले, चिंधीच्या कपाळावर लिहिले आहे काय? तर म्हणाला, वास येतो. आणि वर गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत विचारतो, “काहो पुंजाजी, सभासदाच्या घरात चिंधीबी नाही काय?” लोक खी-खी करून हसले. साहेबांची जीप सडकेवरून वळताना दिसत होती.

ग्यानबाजी, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते? भागिरथा निंदणाला गेली होती. कणगीच्या मागे जुन्या फडक्यांचे एक मोठे गाठोडे पडलेले मला ठाऊक होते. मी तरातरा आत गेलो, ते उचलले आणि साहेबांच्या पुढ्यात टोपलीवर असे ठेवले की खालची टोपली दिसेनाशी झाली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, गावात असा एक तरी माणूस हवा. त्या पोराचे तोंड बघण्यासारखे झाले होते. बाजाराचाच दिवस होता, दुपारीच सगळा माल गुलाम नबींच्या गाडीत गेला. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

भागिरथा जेवली नाही. दिवा लावायला ती कणगीकडे गेली आणि तिथेच खाली बसली. गंगूबाईंना मी काय सांगणार, त्यांना सगळे माहीत आहे. तान्ह्या लेकराला पहिल्या दिवसांत कोरे कापड लावत नाहीत. घरच्या माणसांनी वापरून वापरून मऊ केलेले कापडच लागते. वच्छलाचे लग्न झाले तेव्हापासून भागिरथा ते जमवत होती. त्यात तिच्या आईचे हिरव्या काठाचे लुगडे होते, आणि त्यात माझ्या बापाचे धोतर होते. छप्पन साली सगळे पांढरे कपडे करून नागपूरला गेले, तेव्हा बापाने घेतलेले. दीक्षा घेतली ती त्याच धोतरात. पुढे मरेपर्यंत त्याने ते फक्त सणावाराला नेसले आणि स्वतःच्या हाताने धुतले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. सायीसारखे झाले होते ते. वच्छलाचे लेकरू आल्याबरोबर आधी त्या धोतरात घ्यायचे, असे भागिरथाने मनाशी ठरवून ठेवले होते. (मला कोणी सांगितले? मला तर वाटत होते धोतर ट्रंकेत आहे. घरात मला कोणी काही सांगतच नाही.) ती एवढेच म्हणाली, “बापाचं धोतर हातात घेतलं तुमी, अन् तुमाले समजलं नाही?” त्यानंतर तिने माझ्याशी बोलणे टाकले. भाकरी वाढते, पण ताट असे ठेवते की जणू मी शेजारचा कोणी आहे.

गाठोड्याच्या शोधात लगेच निघायला पाहिजे होते हे मलाही कळते. पण बिल्लेवाल्याने दिलेला माल परत मागितला असे झाले असते, तर त्या पोराने चावडीवर टाळ्या पिटल्या असत्या. या विचारात थोडे दिवस गेले. शेवटी परवा दुपारी, दुकानातले हातातले काम तसेच टाकून, मालेगावची एसटी धरली. गुलाम नबी माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांनी चहा मागवला, आणि मी चिंध्यांच्या ढिगात कमरेइतका उतरलो. शिंका येऊन येऊन जीव गेला. हिरवा काठ कुठे दिसेना. माझी दशा बघून ते म्हणाले, “अरे पुंजाजीभाऊ, मऊ सुती कापड माह्या इथं कुठं टिकते? ते आल्याबरोबर फाडून पुसायले जाते, मशीनवाल्याइले, सायकलवाल्याइले. तुमच्या गावचा माल तर तुमच्याच दुकानात पाठवला न! दर महिन्याले तुमीच तर फडकी मांगता.”

मी चहा तसाच ठेवला. कारण फडक्यांचा गठ्ठा त्याच सकाळी आला होता, आणि मी गुलाम नबींच्या माणसाला शाबासकी दिली होती की यंदाचा माल फार मऊ आहे, पुढेही असाच आणत जा. सकाळपासून मी त्याने हेडमास्तरांच्या सायकलची साखळी पुसली होती, दूधवाल्याचे चाक पुसले होते आणि स्वतःचा घाम पुसला होता. पैसे देऊन विकत घेतलेल्या फडक्यांनी.

परत आलो तेव्हा हिरव्या काठाचा एक तुकडा ऑइलच्या डब्याखाली सापडला. पांढरे तुकडे बरेच होते, म्हणजे सकाळी पांढरे होते. मी ते सगळे गोळा केले आणि सोड्याच्या पाण्यात उकळले. तेल निघाले नाही. त्यात बापाच्या धोतराचा तुकडा कोणता, हे मला ओळखता आले नाही. मी त्या पोरावर चिडलो आहे, साहेबांवर चिडलो आहे, माझ्या पडत्या वेळी हसलेल्या गल्लीवर चिडलो आहे. तुमच्यावरही चिडलो आहे, कारण लग्नात तुम्हीच म्हणाला होतात की पोरीबरोबर जुने-पाने काही पाठवू नका, सगळे नवे द्या. त्याच वेळी पाठवले असते तर आज ते तुमच्या घरी सुखरूप असते.

असो. मुलीच्या बापाने व्याह्यांना एवढे ऐकवू नये. वच्छलाला यातले काही कळू देऊ नका. लोभ असावा, आणि माझा राग मनावर घेऊ नये.

आपला,
पुंजाजी

ता. क. मला काय मागायचे आहे ते तुम्ही ओळखले असेलच. मुलीचा बाप व्याह्यांच्या घरच्या चिंध्या मागतो, हे आजवर कोणी ऐकले नसेल, आणि गावात कळले तर मला बिल्ल्यासकट तोंड लपवावे लागेल. पण तुम्हीही त्या साली नागपूरला गेला होतात. सोयरीक जुळवताना तुम्ही तो पांढरा सदरा उघडून मला दाखवला होता. तो द्या, ग्यानबाजी. पूर्ण नको, पाठीकडचा भाग द्या. आणि गंगूबाईंच्या नेसणीतले एखादे विटलेले लुगडे. वच्छला येईल तेव्हा तिच्या ट्रंकेत तळाशी घाला. चार माणसांत तुम्ही याचा उल्लेख केलात तरी मी खाली मान घालून ऐकून घेईन.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात गुलाबसिंग डफडे वाजवत दाराशी आला. चिंध्यांच्या टोपलीत गावात माझे घर पहिले आले म्हणे. साहेबांनी बक्षीस पाठवले आहे, कोरे करकरीत धोतर. इतकी खळ आहे की जमिनीवर ठेवले तर उभे राहते. मी ते अंगणात भिरकावणार होतो. भागिरथाने माझ्या हातातून घेतले, उलगडले, उजेडात धरून पाहिले आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडले. “फेकू नोका. आजपासून नेसा. मी रोज धुऊन देईन. वच्छीच्या दुसऱ्या लेकरापावतर मऊ होईन ते.” ती बोलली, म्हणून नेसले आहे.